गुरुवारची बदकं

कल्पना करा, तुम्ही सपाट बुडाच्या एका ॲल्युमिनियमच्या बोटीत बसला आहात. नोव्हेंबर संपत आलाय. बोटीखाली मांडीभर पाणी आणि पाण्याखाली चिखल, किती खोल ते कुणालाच माहीत नाही. मांडीवर एक बदक आहे, अजून कोमट. पिसं उपटायची तर बोटं मोकळी हवीत, म्हणून तुम्ही हातमोजे काढलेत. छातीपासून सुरुवात करा. अंगठा आणि शेजारच्या बोटात थोडी थोडी पिसं धरा, कातडी ताणून धरा, फाटू देऊ नका, कारण बदकाची सगळी चव कातडीखालच्या चरबीत असते. मग पोटावर सुरीच्या टोकाने लहानशी चीर द्या, दोन बोटं आत घाला आणि आतलं सगळं एका ओढीत बाहेर काढा. गारठलेल्या बोटांना तेवढीच काय ती ऊब मिळते. मग पाय काढा, मुंडकं काढा.

इथे थांबा. निदान एक पंख तसाच राहू द्या.

कादंबरी टिपणीस थांबली नाही. पाचही बदकांचे दोन्ही पंख तिने सांध्यातून कापून पाण्यात टाकले.

कादंबरी रोह्याची. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, लग्नानंतर नवऱ्याबरोबर, केदारबरोबर, अमेरिकेत बॉथेलला आली. इथल्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काय काय बिघडू शकतं याचा दिवसभर विचार करायचा तिला पगार मिळतो, आणि संध्याकाळी हा विचार काही लॅपटॉपबरोबर बंद होत नाही. नोकरी गेली तर? ग्रीन कार्डच्या रांगेत असताना व्हिसा अडकला तर? पाच वर्षांच्या उर्वीची शाळा, घराचं कर्ज, सगळं कशावर उभं आहे हे तिला नको इतकं नीट माहीत आहे. केदार म्हणतो, "यार, तू फायर अलार्म आहेस. पोळी करपली तरी वाजतेस."

तिचा हा अलार्म एकाच ठिकाणी गप्प व्हायचा, विवेककाकांच्या बोटीत.

विवेक धारकर म्हणजे भूल देणारे निवृत्त डॉक्टर. सत्तरच्या दशकात इथे आले. महाराष्ट्र मंडळाच्या कोजागरीला त्यांनी तिला विचारलं होतं, "टिपणीस? म्हणजे आमच्यासारखीच खाणारी. बदक खाणार का?" ती हो म्हणाली तसे म्हणाले, "मग पहाटे उठावं लागेल. आपल्याकडे बदक आधी मारावं लागतं." तिला वाटलं चेष्टा आहे. काका न हसता चेष्टा करतात, त्यामुळे ती कधी संपली हे समोरच्याला कळत नाही. पण पुढच्या शनिवारी ते खरंच तिला स्टॅनवुडच्या पलीकडच्या उथळ खाडीवर घेऊन गेले. सुरक्षिततेचा कोर्स करायला लावला, शिकारीचा परवाना काढायला लावला. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला या देशात बंदूक हातात धरता येते ती मुख्यतः त्या परवान्याच्या जोरावर, हेही त्यांनीच सांगितलं. त्याला आता चार हिवाळे झाले. गवताच्या आडोशाला बोट लावायची, खऱ्या बदकांना भुलवायला पुढे पाण्यावर प्लॅस्टिकची बदकं सोडायची आणि गप्प बसायचं. थंडीने नाक वाहतंय, डोळे आभाळाकडे आणि डोक्यात काही म्हणजे काही नाही. तिला बदकांपेक्षा त्या गप्प बसण्याची ओढ लागली होती.

यंदा आई रोह्याहून सहा महिन्यांसाठी आली. थँक्सगिव्हिंगची सुट्टी गुरुवारची, आणि नेमका तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईने बुधवारीच स्वयंपाकघर घासून काढलं. घट मांडायला पाट आला, पाच झाडांची पानं मिळेनात म्हणून शेजाऱ्याच्या मेपलवर भागवलं. कादंबरी शिकारीला निघाली आहे हे कळल्यावर ती म्हणाली,

"आज? महालक्ष्मी घरात बसणार आणि तू मुडदे घेऊन येणार?"

"आई, आज कोण खातंय? उद्या शुक्रवारी करू. गराजमधल्या फ्रीझरमध्ये ठेवते. घरात आणत नाही."

"पीस नको, रक्त नको, वास नको. एक पीस जरी चपलेला चिकटून आत आलं ना, तर मी पोथी मिटून ठेवीन. मग तुझं तू बघ."

"नाही येणार गं."

"तुझं 'नाही येणार' मला ठाऊक आहे. दहावीत मांजर आणलंस तेव्हाही हेच म्हणाली होतीस."

एरवी कादंबरी बदकं अख्खी घरी आणायची आणि गराजमध्ये वर्तमानपत्रं पसरून साफ करायची. पंख शेवटी कापायचे ही तिची सवय होती. सवयीच्या मागे नियम आहे, हे डोक्यात खूप खाली जाऊन बसलं होतं. त्या दिवशी डोक्यात फक्त आई होती. म्हणून दुपारी पाचवं बदक पडल्यावर ती म्हणाली, "काका, सगळं इथेच साफ करून नेऊ या का? घरी पूजा आहे."

"कर की. सुरी घे माझी, तुझी बोथट आहे."

ती कापत गेली. काका एकेक बदक हातात देत होते, पिसं काळ्या पिशवीत भरत होते, मधूनच शीळ घालत होते. कापलेले पंख पाण्यावर पडून हळूहळू दूर निघाले, सगळे एकाच दिशेने, समुद्राकडे. कादंबरीने ते पाहिलं. त्याचा अर्थ तिला लागला नाही.

"पाणी अजून चढतंय ना, काका?"

"चढतंय. भरपूर वेळ आहे. चहा ओत."

काका भरती-ओहोटी पाठ म्हणतात, फोन बघत नाहीत. तिनेही बघितला नाही.

गुलाबी, स्वच्छ पाच बदकं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून तिने कूलरमध्ये बर्फावर ठेवली. आईसुद्धा नाव ठेवणार नाही इतकं नीट. मग नकली बदकं गोळा करून ते धक्क्याकडे निघाले. गवताचं शेवटचं वळण घेतल्यावर धक्क्यावरचा ट्रक दिसला. दारावर वन्यजीव खात्याचं चिन्ह होतं. गणवेशातला एक माणूस दुसऱ्या बोटीतल्या शिकाऱ्यांची बदकं हातात घेऊन बघत होता. पंख उघडून बघत होता.

तेव्हा तिला आठवलं. शिकारीच्या जागेपासून घरापर्यंत प्रत्येक बदकाला पिसांसकट एक पंख किंवा मुंडकं असायलाच हवं, म्हणजे पक्षी कुठला आणि नर की मादी हे तपासणाऱ्याला कळतं. हा देशभराचा कायदा आहे. कोर्समध्ये त्यावर प्रश्न होता आणि तिने तो बरोबर सोडवला होता.

तिने मोटार बंद केली.

"काय झालं?"

"काका, पंख."

काकांनी कूलरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अरे हो," ते म्हणाले. "पंख."

कादंबरीच्या डोक्यातलं टेस्टिंग सुरू झालं. पंख नाहीत म्हणजे गुन्हा. गुन्हा म्हणजे परवाना रद्द. परवाना नाही म्हणजे व्हिसावरच्या बाईच्या हातात बंदूक बेकायदेशीर. मग प्रकरण वन्यजीव खात्याचं राहत नाही. मग कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी तिची फाइल उघडतो, आणि मग केदार, उर्वी, घर. यातलं प्रत्येक पाऊल तिला शक्य वाटत होतं. खरंच होईल का, हे तपासायला तिच्याकडे काही नव्हतं.

"चल, मी बोलतो त्याच्याशी," काका म्हणाले. "सांगू, म्हाताऱ्याने केलं. मला कुठे हाकलणार आहेत? पन्नास वर्षं टॅक्स भरलाय."

"नको, काका. तुम्ही खोटं बोलणार आणि मी तिथे उभी राहणार? नको. थोडं थांबू. जाईल तो."

त्यांनी बोट मागे वळवून गवताआडच्या एका अरुंद पाणवाटेत घातली. तो माणूस गेला नाही. एक बोट आली, तपासली, दुसरी आली. कादंबरी गवताच्या फटीतून बघत राहिली. दुपार कलली, वारा पडला आणि खाडीवर पांढरं धुकं बसायला लागलं. कुठेतरी हंसांचा मोठा थवा बोलत होता, पण दिसत नव्हता. बोट हलकीच कलंडली आणि तशीच राहिली. तिने वल्हं खाली घातलं. वीतभर पाणी, मग मऊ, मग आणखी मऊ.

"काका, पाणी चाललंय."

"छे. चढतंय."

तिने फोन काढला. ओहोटी दुपारीच सुरू झाली होती. पुन्हा बोट तरंगण्याइतकं पाणी मध्यरात्रीनंतर येणार होतं.

मोटार सुरू केली तर तिने नुसता चिखल उडवला. दोन्ही वल्ह्यांनी रेटलं, तर वल्हीच रुतली. ती पुढे वाकून गवत पकडायला बघत होती, तेवढ्यात मागे बोट एकदम हलकी झाली. तिने वळून पाहिलं. काका बोटीबाहेर उभे होते. कडेला हात ठेवून, अंगणात उतरल्यासारखे शांत.

"काका! उतरलात कशाला?"

"ढकलतो जरा. पुढे पाणी आहे."

चिखलात बोट सोडून उतरायचं नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. एक पाय उचलायला गेले की दुसरा खोल जातो. आता काकांनी एक पाय उचलायचा प्रयत्न केला. दुसरा गुडघ्याच्या वर गेला. मग तो उचलायला गेले आणि पहिला मांडीपर्यंत गेला. छातीपर्यंतच्या रबरी पोशाखाला चिखलाने चहूकडून धरलं. ती पोटावर पालथी पडली, त्यांच्या काखेत हात घालून ओढायला लागली. काही हललं नाही. हललं ते बोटीचं टोक, काकांच्या दिशेने.

"ओढू नकोस, मोडशील मला," काका म्हणाले. "म्हातारा माणूस आहे मी, सुट्टे भाग मिळत नाहीत."

"काका, फोन करते."

"कुणाला? तो ट्रकवाला पाचशे पावलांवर आहे, पहिला तोच येईल. थांब जरा. अंधार पडला की तो जाईल. मग कर."

"तुम्ही गारठाल तोवर."

"डॉक्टर कोण आहे, तू का मी? ऐक. मी थरथरतोय तोवर ठीक आहे. थरथर म्हणजे शरीर काम करतंय. ती थांबली की घाबर."

तिने आपला कोट काढून त्यांच्या खांद्यांवर टाकला, टोपी काढून त्यांच्या टोपीवर चढवली. नकली बदकांची पोती त्यांच्या छातीखाली सारली, म्हणजे अंग त्यावर टेकेल. चहाचा शेवटचा घोट पाजला. ते थरथरत होते. दात वाजत होते आणि त्यातही बडबड चालू होती. "तुझ्या आईला सांग, महालक्ष्मीला मेपलची पानं... आवडली नाहीत. म्हणून हे... म्हणून."

ती हसली नाही. ती त्यांचा हात धरून गवताच्या फटीतून ट्रककडे बघत होती. धुक्यातून त्याचा दिवा दिसत होता. ओरडलं तर ऐकू जाईल इतका जवळ. ती ओरडली नाही. जा ना, ती मनात म्हणत होती, जा ना आता घरी, टर्की खा, पोरं वाट बघत असतील. एकीकडे काकांचा तळवा तिच्या तळव्यात थरथरत होता, आणि ती थरथर जणू काही ठीक चाललंय याची पावती आहे अशी ती धरून बसली होती.

"काका, बोला ना काहीतरी."

"हं."

"काका, उद्या रस्सा कसा करायचा? हिरवं वाटण की लाल?"

काही नाही. मग खूप सावकाश, "उद्या... काय आहे?"

हात थांबला होता. तिला वाटलं आपलीच बोटं बधिर झालीत. तिने त्यांच्या गालाला हात लावला. जबडाही शांत होता.

तिने ९११ लावला आणि फोन कानाला धरूनच उभी राहून धक्क्याच्या दिशेने ओरडायला लागली. मराठीत ओरडली. "अहो! इकडे! अहो!" पलीकडून फोनवर बाई विचारत होती, कुठे आहात, किती जण आहात, वय काय. तिने फोनमधल्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवले. बाईने विचारलं, बोटीत शस्त्र आहे का?

"हो," कादंबरी म्हणाली. "दोन बंदुका. रिकाम्या आहेत. आणि पाच बदकं आहेत, त्यांना पंख नाहीत. मी कापले."

"मॅम?" बाई म्हणाली.

गणवेशातला माणूस पहिला आला. ट्रकमधल्या प्लायवुडच्या दोन फळ्या एकापुढे एक टाकत, त्यांवर गुडघ्यांनी सरकत. नाव विचारलं नाही, काही विचारलं नाही. काकांच्या पाठीमागे आडवा झाला, त्यांना आपल्या छातीवर रेलून घेतलं आणि तिला म्हणाला, "यांच्याशी बोलत राहा. तुमच्या भाषेत बोला." मग अग्निशमन दलाची माणसं आली. त्यांनी पायांच्या कडेने चिखलात एक लांब नळी खुपसून पाणी सोडलं, चिखल सैल केला आणि काकांना रबरी पोशाखातून केळं सोलावं तसं बाहेर काढलं. पोशाख तिथेच उभा राहिला, आत माणूस असल्यासारखा. कादंबरीला तो अजून स्वप्नात दिसतो.

काकांपाठोपाठ तिलाही फळ्यांवरून धक्क्यावर आणलं, कूलर आणि बंदुकांसकट. काकांना घेऊन ॲम्ब्युलन्स गेल्यावर तिने स्वतःच कूलर उघडून त्या माणसापुढे ठेवला. त्याने टॉर्च मारला. बराच वेळ बघितलं.

"हे इतकं स्वच्छ कुणी केलं?"

"मी."

"का?"

घरी देवीची पूजा आहे, आईने पीस आणू नको सांगितलंय, हे इंग्रजीत सांगताना तिला रडू फुटलं. त्याने तिचा परवाना बघितला, टॅबलेटवर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, ही लेखी समज आहे, दंड नाही. पुढच्या वेळी पंख ठेवा. आणि पुढच्या वेळी मला बघून लपू नका, मी चावत नाही. मग कूलर उचलून त्यानेच तिच्या गाडीत ठेवला.

वकिलाने नंतर सांगितलं की समज म्हणजे गुन्हा नाही, व्हिसाला काही होत नाही. ती भीती तिथे संपली. म्हणजे इतक्या पटकन संपली की तिला लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी काकांना हॉस्पिटलातून सोडलं, तेव्हा केदार त्यांना थेट बॉथेलच्या घरीच घेऊन आला. आईने आदल्या दिवशीच्या पूजेचं सगळं आवरून, ओट्यावर जागा करून दिली होती. कादंबरीने बदकांना आलं-लसूण, मीठ आणि कोकमाचं आगळ चोळून ठेवलं होतं, म्हणजे खाडीचा वास जातो. कोरड्या कढईत कातडीची बाजू खाली ठेवून मंद आचेवर चरबी सुटू दिली. त्याच चरबीत कांदा, मग खोबऱ्याचं भाजलेलं वाटण. घरभर वास सुटला. उर्वी येऊन विचारून गेली, "इज इट चिकन?" आणि नाही म्हटल्यावर सीरिअल घेऊन वर गेली.

काका टेबलाशी शाल घेऊन बसले होते. आईने पहिलं ताट त्यांना वाढलं.

"खा. एवढ्यासाठी मरायला निघाला होतात ते खा."

"वहिनी, देवी तुमच्यावर रागावली होती, माझ्यावर नाही. मेपल!" काका म्हणाले. दाताखाली एक छर्रा आला, तो काढून त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला. "चव आहे हं पोरीच्या हाताला. जानेवारीत पिनटेल बदकं येतील. जाऊ."

कादंबरी त्यांच्या समोर बसली. तिच्या ताटातलं बदक तसंच होतं.

"काका, तुम्ही बोटीतून उतरलात का?"

"सांगितलं की. ढकलायला."

"चिखलात उतरायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"मग तू उतरली असतीस? तुझ्यासारखी धट्टीकट्टी आणखी खोल गेली असती. म्हातारा हलका असतो." आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यांनी भाकरी मोडली.

काका अधूनमधून एकटेही खाडीवर जातात, बोट एकटेच पाण्यात सोडतात, हे तिला माहीत आहे. त्यांचा मुलगा लांब ॲन आर्बरला असतो. त्याचा नंबर तिच्या फोनमध्ये आहे. तो लावून काय सांगायचं, हे तिचं अजून ठरत नाही. कारण पंख कापताना ते शीळ घालत होते, ओहोटीला भरती म्हणत होते, म्हणजे त्यांना विसर पडायला लागला असेल. आणि कारण घाबरलेल्या माणसांच्या उशाशी बसून त्यांनी अख्खं आयुष्य काढलंय, आणि बोटीत घाबरलेली ती एकटीच होती. धक्क्यावर जायची तिची हिंमत होणार नाही, हेही त्यांना दिसलं असेल, म्हणून जाणूनबुजून तेच उतरले असतील. पहिलं खरं असेल तर त्यांना बोटीत पाय ठेवू देता कामा नये. दुसरं खरं असेल तर तो फोन करणं म्हणजे त्यांच्याकडून खाडी हिरावून घेणं.

जानेवारी लागला. काकांचा मेसेज आला, शनिवारी निघू या का म्हणून. तिने उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. तिला फक्त एवढंच विचारायचं आहे, आणि त्यांनी एकदा तरी चेष्टा न करता सांगावं: काका, तुम्ही त्या दिवशी विसरून उतरलात, की माझ्यासाठी?